प्रॉस्परस बेचा माळ: सेंट हेलेनाच्या विमानतळाखालचा इतिहास

सागरवेल

सेंट हेलेनाला जाणारा जवळपास प्रत्येक जण नेपोलियनसाठी जातो. विमानतळाबाहेर आलं की गाडी थेट लाँगवूड हाउसकडे, जिथे त्याला कैदेत ठेवलं होतं. लाँगवूड बघायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या माळावर विमानाची चाकं टेकतात, तो ओलांडून घाईने पुढे जाऊ नये असं मला अगदी मनापासून वाटतं. बेटाचं नशीब त्या माळावर एकदा नाही, अनेकदा पालटलं आहे आणि त्यातला एक पदर थेट आपल्या कोकणापर्यंत येतो. त्यासाठीच हा धागा काढतेय.

आधी जागा कुठे आहे ते सांगते. दक्षिण अटलांटिकमध्ये, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,९५० किलोमीटर आत. सगळ्यात जवळची जमीन म्हणजे असेन्शन बेट, आणि तेही १,३०० किलोमीटरवर. क्षेत्रफळ सुमारे १२२ चौरस किलोमीटर, वस्ती साडेचार हजारांच्या आत. ज्वालामुखीने समुद्रातून वर काढलेला हा डोंगर आहे, त्यामुळे जवळपास चहूबाजूंनी कडेच कडे. मधला भाग हिरवागार, ढगात बुडालेला. कडेचा भाग उघडाबोडका आणि तांबूस.

जोहान्सबर्गहून निघालेलं विमान मध्ये नामिबियात थांबून इंधन भरून घेतं. नामिबियाचा किनारा सुटला की पुढे कितीतरी वेळ खाली फक्त पाणी. शक्य असेल तर उजवीकडची खिडकी घ्या. विमान उत्तरेकडून बेटाच्या पूर्व अंगाला येतं आणि उजव्या हाताला 'द बार्न' नावाचा प्रचंड काळसर कडा दिसू लागतो. मग 'किंग' आणि 'क्वीन' हे सुळके. या टप्प्यावर विमान हलायला लागतं. नुसतं थरथरत नाही, चांगले हिसके बसतात, पंख एकदा इकडे झुकतो, एकदा तिकडे. खिडकीत कड्याचे थरावर थर दिसत असतात आणि आपण त्याच्या माथ्याच्याच उंचीवर आहोत हे लक्षात येतं. नेहमी उतरताना खाली घरं येतात, झाडं येतात, रस्ते येतात. इथे तसलं काही नाही. खाली हजार फुटांवर समुद्र, आणि दुसऱ्या क्षणी डांबर. ब्रेक लागतात ते जोरात, आणि मग विमानात सगळे टाळ्या वाजवतात. त्यात बेटावरची माणसंही असतात, कितीदा तरी ये-जा केलेली.

तर हा प्रॉस्परस बेचा माळ. आता १६७३ सालात जाऊ.

१६५९ पासून बेट इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे होतं. पूर्वेकडून मालाने भरून परतणारी जहाजं इथे गोडं पाणी आणि ताजा भाजीपाला घ्यायची, म्हणून या एवढ्याशा खडकाला मोल. १६७३ च्या सुरुवातीला डचांनी ते जिंकून घेतलं. इंग्रजांनी परत घ्यायचं ठरवलं, पण बेटाची राजधानी जेम्सटाउन, तिची दरी अरुंद, तिच्या तोंडावर तोफा, आणि बाकी सगळीकडे कडे. मे महिन्यात कॅप्टन रिचर्ड मंडन आरमार घेऊन आला तेव्हा त्याने एक तुकडी बेटाच्या मागच्या अंगाला उतरवली, याच प्रॉस्परस बेमध्ये. वाट दाखवायला ऑलिव्हर नावाचा एक गुलाम होता, बेटाच्या वाटा पाठ असलेला. टॉम नावाचा एक खलाशी दोर घेऊन कडा चढला आणि बाकीचे त्या दोराला धरून वर आले. 'होल्डफास्ट टॉम' हे नाव त्या जागेला अजून आहे. वर पोचलेली माणसं या माळावरून आत घुसली, समोरून जहाजांनी तोफा डागल्या आणि डच शरण आले. ऑलिव्हरला कंपनीने पैसे मोजून गुलामीतून सोडवलं.

त्या उतरलेल्या तुकडीचा म्होरक्या होता रिचर्ड केग्विन. पुढे त्यालाच बेटाचा गव्हर्नर करण्यात आलं. हे नाव इथल्या इतिहासप्रेमींना ओळखीचं वाटायला हवं. बघू कोण आधी सांगतं.


थळकर

सागरवेलताई, केग्विन म्हटल्यावर न लिहून कसं चालेल! आमच्या थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर उंदेरी आणि खांदेरी दिसतात. हा तोच केग्विन.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडाऱ्यांकडे. मुंबईच्या तोंडावरच मराठ्यांचं ठाणं होतंय म्हटल्यावर इंग्रजांनी बेटाला वेढा घालायला जहाजं पाठवली. १८ ऑक्टोबर १६७९ ला मराठ्यांच्या आरमाराने त्यांच्यावर चाल केली. इंग्रजांची 'डव्ह' ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली, बाकीची गलबतं पळाली, आणि एकटी 'रिव्हेंज' झुंजत राहिली. त्या 'रिव्हेंज'वर केग्विन होता. म्हणजे लढवय्या म्हणून माणूस कमी नव्हता. पण वेढा काही टिकला नाही. आपल्या छोट्या होड्या रात्रीच्या अंधारात, उथळ पाण्यातून सामान घेऊन खांदेरीला जायच्या आणि मोठ्या जहाजांना त्या सापडायच्याच नाहीत. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी महाराजांकडे राहिली.

बेट कसं घ्यायचं हे सेंट हेलेनावर शिकलेला माणूस आमच्या बेटापुढे हात टेकून गेला, हे मला आज तुमच्यामुळे कळलं. त्याची आधीची कारकीर्द मला ठाऊकच नव्हती.


जुनी_पाने

थळकर, पुढचं मी सांगते. केग्विन नंतर मुंबईत कंपनीच्या फौजेचा प्रमुख होता. कंपनीने पगार आणि भत्ते कापले, शिपाई चिडले, आणि डिसेंबर १६८३ मध्ये केग्विनने डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्डला कैद करून मुंबई ताब्यात घेतली. आम्ही कंपनीचे नाही, राजाचे चाकर, अशी त्याची भूमिका. जवळजवळ वर्षभर मुंबईचा कारभार त्याने चालवला. त्याच काळात, १६८४ मध्ये, त्याने छत्रपती संभाजी महाराजांशी तह केला. त्याआधी कंपनी जंजिऱ्याच्या सिद्दीला मुंबईच्या बंदरात आसरा द्यायची, तो मराठ्यांच्या मुलखात लुटालूट करायचा, आणि त्यापायी इंग्रज-मराठे संबंध सतत ताणलेले असायचे. केग्विनने सिद्दीला दूर ठेवलं आणि मराठ्यांशी जुळवून घेतलं. नोव्हेंबर १६८४ मध्ये माफीच्या अटीवर त्याने मुंबई परत दिली. शेवटी १६९० मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्सवर हल्ला करताना तो मारला गेला. आणखी एक बेट.

सागरवेल, धागा वर ठेवा. बऱ्याच दिवसांनी असं काही वाचायला मिळालं.


हिशोबनीस

इतिहास उत्तम आहे, पण मूळ विषयावर एक स्पष्ट मत मांडतो. साडेचार हजार माणसांच्या या विमानतळावर ब्रिटिश करदात्यांचे २८ कोटी ५० लाख पाउंड खर्च झाले. २०१६ च्या मे महिन्यात उद्घाटन ठरलं होतं, आणि चाचणीसाठी आलेल्या विमानांना वाऱ्याने असं हलवलं की नियमित वाहतूक लांबणीवर टाकावी लागली. वाऱ्याचा अंदाज आधी नीट का घेतला नाही? ब्रिटनच्या संसदेच्या लोकलेखा समितीनेही यावर ताशेरे ओढले. वृत्तपत्रांनी तर जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ म्हणून बदनामी केली. काही दशकांत वर्षाला तीस हजारांच्या घरात पर्यटक येतील असं गणित मांडलं होतं. आठवड्याला एका विमानाने तीस हजार माणसं कशी जाणार?


उड्डाणवेडा

वाऱ्याचा प्रश्न आलाच आहे तर जरा सविस्तर लिहितो.

तिथे वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. हजारो किलोमीटर उघड्या समुद्रावरून येणारा वारा, वाटेत काहीच आडवं नाही, आणि मग एकदम तीनशे मीटरचा उभा कडा. वारा कड्यावर आपटून वर चढतो, माथ्यावरून वळतो आणि पलीकडे भोवरे सोडतो. धावपट्टी साधारण उत्तर-दक्षिण आहे. दक्षिणेकडे तोंड करून उतरलं तर वारा बराचसा समोरून मिळतो, आणि विमानाला उतरताना तोच हवा असतो. पण त्या बाजूने येताना बार्न, किंग-क्वीन यांच्या जवळून यावं लागतं आणि तिथली हवा घुसळलेली असते. विमान अगदी खाली आलेलं असताना वाऱ्याचा वेग काही सेकंदांत कमी-जास्त झाला, की पंखांना मिळणारा आधार तसाच कमी-जास्त होतो. जमिनीजवळ सावरायला उंची उरलेली नसते, म्हणून वैमानिक या प्रकाराला इतके जपून असतात. उलट बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून, हवा शांत मिळते, पण वारा पाठीमागून येतो. मग विमान जास्त वेगात टेकतं आणि थांबायला लांब पट्टी लागते. पट्टी आहे दोन किलोमीटरच्या आतली.

मग पट्टी पूर्व-पश्चिम का नाही केली? कारण अख्ख्या बेटावर एवढी सपाट जागा हीच एक. आणि तीही पुरेशी नव्हती. दक्षिणेच्या टोकाला 'ड्राय गट' नावाची घळ होती. तिच्यात सुमारे ८० लाख घनमीटर दगडमाती भरून शंभर मीटरच्या आसपास उंचीचा भराव घातला, तेव्हा कुठे लांबी मिळाली. हे सगळं करायला लागणारी यंत्रं, इंधन आणि सुरुंगाची दारू जहाजाने आणावी लागली, कारण दुसरा मार्गच नव्हता.

शेवटी मोठ्या बोइंगचा नाद सोडून लहान एम्ब्राएर १९० निवडलं. वैमानिकांना या विमानतळासाठी खास प्रशिक्षण. सुरुवातीला शंभराच्या आसपास आसनांपैकी ७६ च भरायची, वजन आटोक्यात ठेवायला. १४ ऑक्टोबर २०१७ ला पहिलं नियमित विमान उतरलं. नामिबियातल्या थांब्याचं कारणही हेच. तिथपर्यंत जाऊन वाऱ्यामुळे उतरता आलं नाही, तर परत आफ्रिकेपर्यंत यायला पुरेल एवढं इंधन टाकीत पाहिजे.

आणि हिशोबनीस, या माळाची विमानतळासाठी पाहणी पहिल्यांदा झाली ती १९४३-४४ मध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलाकडून. तांत्रिकदृष्ट्या जमेल, पण व्यवहारात उतरणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे जागा अवघड आहे हे कुणापासून लपलेलं नव्हतं. तुमचा 'आधी नीट का पाहिलं नाही' हा प्रश्न मला रास्त वाटतो.


रानजाई

या वाऱ्याबद्दल मी वाचलेलं सर्वांत सुंदर निरीक्षण डार्विनचं आहे. १८३६ च्या जुलैमध्ये त्याचं जहाज 'बीगल' परतीच्या वाटेवर सेंट हेलेनाला थांबलं होतं आणि तो रोज बेटावर भटकायचा. एकदा तो एका माळाच्या टोकाला उभा होता, पुढे हजार फुटांचा कडा. तो उभा होता तिथे हवा अगदी स्तब्ध, पण काही हातांवर समुद्रपक्षी जोराच्या वाऱ्याशी झगडत होते. तो कड्याच्या अगदी काठाशी गेला, हात पुढे केला, आणि वाऱ्याचा पूर्ण जोर हाताला लागला. निवांत हवा आणि सोसाट्याचा वारा यांच्यामध्ये दोन यार्डांची न दिसणारी भिंत आहे असं त्याने लिहून ठेवलं. उड्डाणवेडा यांनी आत्ता जे समजावलं तेच, फक्त १८० वर्षं आधी आणि नुसत्या हाताने मोजलेलं.

या माळाची आणखी एक बाजू म्हणजे तिथले जीव. दिसायला ओसाड, पण त्या कोरड्या मातीत जगात इतरत्र न सापडणारे कोळी आणि किडे आहेत. बेटावरचा वायरबर्ड हा लांब पायांचा छोटा पक्षीही अशाच उघड्या माळांवर जमिनीवर घरटं करतो. बेटाच्या स्वतःच्या जमिनीवरच्या पक्ष्यांपैकी तेवढा एकच उरलाय. विमानतळ बांधताना त्याच्यासाठी दुसरीकडे अधिवास राखण्याचं काम करावं लागलं. ओसाड दिसली की जागा मोकळी समजायची, ही आपली सवय वाईट आहे.


सागरवेल

थळकर, जुनी_पाने, खूप आभार. संभाजी महाराजांशी झालेल्या तहाचा उल्लेख मी मुद्दामच ठेवला नव्हता, कुणीतरी जाणकाराने लिहावा म्हणून.

हिशोबनीस, तुमच्या आकड्यांशी माझं भांडण नाही. तीस हजार पर्यटकांचं गणित मलाही पटत नाही. पण पर्यटक हाच विमानतळाचा एकमेव हिशोब मानला तर बेटावरच्या माणसांवर अन्याय होतो. विमान नव्हतं तेव्हा काय होतं ते बघा. 'आरएमएस सेंट हेलेना' हे एकच जहाज, केप टाउनहून पाच दिवसांचा प्रवास, साधारण तीन आठवड्यांनी एक फेरी. जेम्सटाउनला धक्का नाही. जहाज बाहेर नांगरायचं, छोट्या होडीतून पायऱ्यांपाशी यायचं, वर टांगलेला दोर पकडायचा आणि लाट वर आली की पाऊल टाकायचं. म्हाताऱ्या माणसांनीही. कुणाला हृदयाचा त्रास झाला, बाळंतपण अडलं, तर जवळून जाणारं एखादं जहाज मिळेल का याची वाट बघायची. आज आजारी माणसाला विमानाने काही तासांत दक्षिण आफ्रिकेत नेता येतं. २०१७ च्या वसंतात जहाज बिघडून लोक अडकले, तेव्हा नियमित सेवा सुरू झालेली नसतानाही खास विमान पाठवून त्यांना हलवावं लागलं. निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी ही बाजू पाहिलेली नाही.

आणखी एक. या लोकांना ब्रिटनने एकदा चांगलंच तोडलं होतं. १६७३ मध्ये, तो कड्यावरचा हल्ला झाला त्याच वर्षी, राजा दुसऱ्या चार्ल्सच्या सनदेने बेटावरच्या लोकांना इंग्लंडमधल्या प्रजेसारखेच हक्क दिले होते. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांचा ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क काढून घेतला. तो परत मिळाला २००२ मध्ये. जवळपास दोन दशकं ही माणसं एका खडकावर, एका जहाजाच्या भरवशावर, जायला दुसरा देश नसलेली. त्या पार्श्वभूमीवर २८ कोटी पाउंडांकडे मी नुसता खर्च म्हणून बघू शकत नाही.


हिशोबनीस

नागरिकत्वाचा भाग मला माहीत नव्हता. आजारी माणसांचा मुद्दा पूर्ण मान्य. वाऱ्याच्या अभ्यासातल्या हलगर्जीपणाबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे. बेटाला चांगला विमानतळ हवा होता, म्हणूनच तो नीट अभ्यास करून बांधायला हवा होता.


अनघा_द

विमानतळाच्या इतिहासातली सर्वांत जड गोष्ट अजून कुणी लिहिली नाही, म्हणून लिहिते.

यंत्रसामग्री माळापर्यंत न्यायला रूपर्ट्स बे या खाडीपासून चौदा किलोमीटरचा रस्ता काढला. त्या रूपर्ट्स दरीत एक मोठी दफनभूमी होती. ब्रिटनने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवल्यानंतर त्यांचं आरमार अटलांटिकमध्ये गुलामांची जहाजं पकडायचं. १८४० पासून पुढची काही दशकं अशी पकडलेली जहाजं सेंट हेलेनाला आणली गेली. पंचवीस हजारांहून जास्त आफ्रिकी माणसं तिथे उतरवली. कागदोपत्री मुक्त, पण जहाजाच्या तळाशी कोंबून आणल्यामुळे देवी, आमांश, उपासमार यांनी पोखरलेली. सुमारे आठ हजार जण त्या दरीतच गेले आणि उथळ खड्ड्यांत पुरले गेले. जगलेल्यांपैकी बहुतेकांना मजूर म्हणून कॅरिबियन बेटांकडे आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केपकडे पाठवलं.

२००८ मध्ये रस्त्यासाठी खोदकाम करण्याआधी पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन केलं. ३२५ सांगाडे निघाले. त्यांत लहान मुलं आणि कोवळ्या वयाची पोरं मोठ्या संख्येने होती. काही सांगाड्यांबरोबर मणी आणि कपड्यांचे अवशेष सापडले, म्हणजे त्या प्रवासातही कुणीतरी ते अंगावर जपून ठेवले होते. हे अवशेष जेम्सटाउनमधल्या एका कोठारात वर्षानुवर्षं पडून होते. बेटावरच्या काही लोकांनी पाठपुरावा केला, आवाज उठवला, आणि अखेर २०२२ मध्ये रूपर्ट्स दरीत त्यांचं पुन्हा दफन झालं.

समुद्राखालून बेटावर इंटरनेट आणणारी केबल २०२१ मध्ये त्याच रूपर्ट्स बेमध्ये किनाऱ्याला लागली. तिला नाव दिलंय 'इक्वियानो', गुलामीतून सुटून आपली कहाणी लिहिणाऱ्या ओलाउदा इक्वियानोचं.


रानजाई

अनघा, हे वाचून काही वेळ पुढे जाताच आलं नाही. विमानतळाच्या रस्त्यासाठी खोदलं नसतं तर ती मुलं तशीच विस्मरणात राहिली असती.


उड्डाणवेडा

सुन्न झालो. या विमानतळाबद्दल इतकं तांत्रिक वाचलं, पण हे कुठे ठळकपणे वाचल्याचं आठवत नाही.


जुनी_पाने

आपल्याकडच्या इतिहासाशी आणखी एक नातं आहे तेही इथेच नोंदवते. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेविरुद्ध लढलेला आर्थर वेलस्ली १८०५ मध्ये हिंदुस्थानातून मायदेशी परतताना सेंट हेलेनाला थांबला आणि 'द ब्रायर्स' नावाच्या घरी उतरला. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दहा वर्षांनी त्याने वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला, आणि ऑक्टोबर १८१५ मध्ये नेपोलियन कैदी म्हणून बेटावर आला तेव्हा लाँगवूडची डागडुजी होईपर्यंत त्याला ठेवलं ते त्याच ब्रायर्समध्ये.

त्या काळात बेटावरच्या आरमाराचा प्रमुख काही काळ सर पल्टनी माल्कम होता. त्याचा भाऊ सर जॉन माल्कम, ज्याच्यापुढे १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली. इकडे पेशवाई संपवणारा एक भाऊ, तिकडे नेपोलियनवर पहारा देऊन आलेला दुसरा. शाळेत आपण हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत शिकतो.


थळकर

जुनी_पाने, असईचं नातं कमालच. सागरवेलताई, एक विचारतो. केग्विनची माणसं जिथून वर आली ती जागा बघता येते का? आणि सर्वसाधारण काय तयारी लागते तेही सांगा. आमच्या मंडळातल्या चौघा-पाच जणांनी खांदेरी, उंदेरी, पद्मदुर्ग, सगळे जलदुर्ग पालथे घातलेत. हा माळ पाहायचाच असं आता डोक्यात बसलंय.


सागरवेल

थळकर, विमानतळाच्या हद्दीत अर्थातच भटकता येत नाही, पण माळाच्या कडेला कंपनीच्या काळातल्या जुन्या सिग्नल स्टेशनचे अवशेष आहेत. समुद्रावर जहाज दिसलं की तिथून जेम्सटाउनकडे इशारा जायचा. तिकडून खाली प्रॉस्परस बेची घळ दिसते आणि दोर टाकून वर येणं म्हणजे काय असेल ते बघताक्षणी कळतं. दगड अत्यंत ठिसूळ, पावलाखाली सुटून येतात. स्थानिक वाटाड्या घेतल्याशिवाय काठाकडे जाऊ नका. गडकोट चढलेल्या माणसालाही तिथला वारा नवीन असतो.

बाकी तयारी अशी. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागेल. बेटावर प्रवेशासाठी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे, आणि त्यात आजारपणात विमानाने बाहेर नेण्याचा खर्च धरलेला असावा लागतो. चलन सेंट हेलेना पाउंड, ब्रिटिश पाउंडाच्या बरोबरीचं. ब्रिटिश पाउंड तिथे सहज घेतात, पण तिथल्या नोटा असेन्शन सोडलं तर बेटाबाहेर चालत नाहीत, म्हणून निघायच्या आधी खर्च करा किंवा बँकेत बदलून घ्या. बँक एकच आहे, तिच्या वेळा बघून ठेवा.

जेम्सटाउनमध्ये ६९९ पायऱ्यांची जेकब्स लॅडर आहे, ती तुम्ही चढालच. गव्हर्नरच्या प्लँटेशन हाउसच्या हिरवळीवर जोनाथन नावाचं कासव आहे, १८८२ मध्ये बेटावर आणलेलं आणि तेव्हाच पूर्ण वाढलेलं. जमिनीवरचा सर्वांत वयोवृद्ध ज्ञात प्राणी म्हणून त्याची नोंद आहे. जेवणात 'प्लो' मागा, मसाला घालून एकाच भांड्यात शिजवलेला भात. मडागास्कर, आफ्रिका, हिंदुस्थान, चीन, युरोप, सगळीकडून आणलेल्या माणसांचं हे बेट आहे, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात ते लगेच कळतं. तुम्हाला चव परकी वाटणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: परतीच्या विमानाच्या दिवशीच जोहान्सबर्गहून पुढचं तिकीट काढू नका. ढग माळावर उतरले किंवा वारा फिरला तर विमान येत नाही, आलं तरी उतरत नाही. मधे निदान दोन दिवस मोकळे ठेवा. तारखा ठरल्या की कळवा, वाटाड्याचं कसं जमवायचं ते मी निरोपातून सविस्तर लिहीन.